ग्लासांवरचा पांढरा थर कोणाचा: साधना सेनगावकर यांचे मृत्युपत्र

मी, श्रीमती साधना मार्तंड सेनगावकर, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहायक आणि हॉटेल पूर्णिमा (परमिट रूम) या जागेची मालक, राहणार स्टेशन रोड, हिंगोली, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही, असे माझा मुलगा अनिरुद्ध म्हणणार हे मला आजच माहीत आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली असून मला आता पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे. रागात मृत्युपत्र करू नये असा कायदा नाही, याची मी वकिलांकडून खात्री करून घेतली आहे.

१. सन २०१६ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही अनिरुद्धला दिले होते. ते मी या लेखाने रद्द करते. तेव्हा मी त्याला ओळखत होते असा माझा समज होता.

२. स्टेशन रोडवरचे राहते घर मी माझ्या नोकरीच्या फंडातून बांधले. त्यात कोणाच्या बापाची वीट नाही. हे घर मी माझी मुलगी तारा हिला देते. ती नाशिकला असते, इथे येऊन राहणार नाही, विकून टाकील. विकू दे. विकताना मागची विहीर बुजवू नये, एवढे तिने घेणाऱ्याला सांगावे.

३. माझे दागिने तारा आणि माझी सून गुंजन यांनी समोरासमोर बसून वाटून घ्यावेत. नाकातली मोरणी गुंजनला. पैठणी कोणालाच नाही. ती मी भिशीतल्या बायकांना दाखवायला घेतली होती. बारवाल्याची बायको म्हणून वीस वर्षे त्यांनी मला संक्रांतीला बोलावले नाही, आणि स्वतःच्या नवऱ्यांना मात्र उधारीवर प्यायला आमच्याकडे पाठवले. ती पैठणी मला शेवटी नेसवावी. त्यांना दारात उभे राहून बघू दे.

४. पितळी मूठ असलेला बाटल्या घासायचा माझा ब्रश माझ्या वेळच्या विभागप्रमुखांना पोचता करावा. त्यांचे नाव लिहून मी त्यांना अमर करणार नाही, वकिलांना पत्ता दिला आहे. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काम केले. बी.एस्सी. ला पहिला वर्ग होता. हे गृहस्थ पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना म्हणायचे, "या आमच्या बाटल्या धुणाऱ्या बाई." मी हसायचे. नांदेडला नन्सच्या शाळेत मला जे चांगले वळण लावले, त्यात हसणे हेही होते. सिस्टर आम्हा बोर्डिंगच्या मुलींचे पेले जेवणाआधी खिडकीशी धरून बघायच्या, आणि डाग दिसला तर पेला नव्हे, मुलगी परत पाठवायच्या. काच स्वच्छ कशी असते हे मी तिथे शिकले. ती स्वच्छ का होत नाही हे प्रयोगशाळेत शिकले. आणि दोन्ही येत असूनही माणूस किती मूर्ख असू शकतो, हे मागच्या वर्षी शिकले. ते पुढे येते.

५. आता हॉटेल पूर्णिमा. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावरची ही दुमजली जागा माझ्या पतीने मृत्युपत्राने माझ्या एकटीच्या नावावर केली. परवान्याचे पुढे काय करायचे ते सरकारी खाते ठरवील, तो काही माझ्या पदरातून कोणाच्या पदरात टाकता येत नाही. जागा मात्र टाकता येते, आणि कोणाच्या पदरात टाकते ते कलम ९ मध्ये लिहिले आहे. आधी का, ते लिहिते. वकील हरिचंद यांनी मला थांबवायचा प्रयत्न केला.

"मॅडम, मृत्युपत्रात ग्लास धुण्याचं काय काम? उद्या कोर्टात लोक हसतील."

मी म्हटले, "हसू द्या. हसता हसता शेवटपर्यंत वाचतील."

आमच्याकडे बावीस वर्षे ग्लास धुण्याचे काम चतुराबाई संतराम ढगे करीत होत्या. राहणार शिरड शहापूर. दुपारच्या एसटीने यायच्या, रात्रीच्या शेवटच्या गाडीने जायच्या. हळदीचा लिलाव संपला की व्यापारी आणि अडते थेट आमच्याकडे येतात, पिवळ्या हातांनी ग्लास धरतात, आणि त्या हळदीचे तेलकट ठसे साध्या पाण्याने जात नाहीत. चतुराबाईंच्या तीन बादल्या असायच्या. पहिलीत कोमट पाणी आणि साबणाची पावडर, दुसरीत साधे पाणी, तिसरीत पाण्यात पिळून टाकलेली लिंबाची साले. ती साले त्या बारमधूनच गोळा करायच्या, आदल्या दिवशी कापलेल्या लिंबांची. मग ग्लास जाळीवर पालथे. फडक्याने पुसायचे नाही. मी एकदा पुसायला गेले तर म्हणाल्या, "बाई, फडकं भजीच्या हाताचं हाय. धुतलेलं तोंड कुनी मळक्या पदराला पुसतंय का?"

त्यांच्या ग्लासात बिअर ओतली की फेस वरून खाली उतरताना काचेवर कडी सोडत जायचा. ज्याला बिअर कळते त्याला हे कळते. तेलकट ग्लासात फेस उभाच राहत नाही, आणि गिऱ्हाईक बिअरला शिव्या देते.

६. दोन हजार तेवीसच्या दसऱ्याच्या तोंडावर अनिरुद्धने ग्लास धुण्याचे मशीन आणले. मशीन आणू नये असे माझे म्हणणे कधीच नव्हते, हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण तो सांगत फिरतो की आई जुन्या विचारांची आहे. चतुराबाईंच्या हाताची बोटे हिवाळ्यात फुटायची, नखांखाली भेगा पडायच्या. मीच त्याला दोन वर्षे म्हणत होते, आण बाबा मशीन. पण आणायचे कसे, हे त्याने मला विचारले नाही. संभाजीनगरच्या एका दुकानात गेला, आत निळा दिवा लागतो आणि दाराला काच आहे म्हणून एक पसंत केले, आणि टेम्पोत घालून आणले.

हा कागद जागेसोबत पुढे जाणार आहे, म्हणून ग्लासाचे मशीन कसे घ्यायचे ते इथेच लिहून ठेवते. गुंजनने हा भाग झेरॉक्स करून भिंतीला लावावा.

सगळ्यात गर्दीचा तास धरावा. आमचा आठ ते नऊ. त्या एका तासात किती ग्लास परत येतात ते तीन दिवस मोजावे, आणि तेवढे ग्लास किती फेऱ्यांत निघतात ते दुकानदाराला विचारावे. दिवसभराचा आकडा सांगणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नये. आपला सगळ्यात उंच ग्लास पिशवीत घालून दुकानात न्यावा आणि तो जाळीत उभा करून दार लावून बघावे. अनिरुद्धने नेला नाही, त्यामुळे बिअरचे उंच ग्लास पहिला महिनाभर आडवे घालत होतो. वीज सिंगल फेजवर चालते की थ्री फेज लागते, आणि सांडपाण्याची मोरी मशीनच्या खाली आहे की वर, हे पैसे देण्याआधी बघावे. वर असेल तर पंपाचे मशीन लागते. दुरुस्तीचा माणूस नांदेडला किंवा परभणीला असावा. पुण्याचा माणूस फोनवर "हो मॅडम" म्हणतो आणि पुण्यातच राहतो.

मशीन भांड्यांचे नको, ग्लासांचेच हवे. ग्लासाला साठ अंशांच्या आसपास धुणे आणि त्याहून थोड्या गरम पाण्याने खंगाळणे पुरते. भांड्यांच्या मशीनच्या उकळत्या फवाऱ्याखाली पातळ ग्लास तडकतो, आज नाही तर पंधराव्या दिवशी. मशीनमधून काढलेला गरम ग्लास तसाच बर्फाला लावू नये. चखण्याच्या मसालेदार प्लेटा त्यात घालू नयेत. आमचा स्वयंपाकी घालायचा. त्याचे म्हणणे, "पाणी तर गरमच हाय ना?" तेच तेल मग पुढच्या सगळ्या ग्लासांना लागते. ताकाचे ग्लास वेगळे. आत घालण्याआधी उरलेली दारू, लिंबाची फोड आणि बी झटकून टाकावी, एक बी फवाऱ्याच्या भोकात बसली की अर्धी जाळी न धुताच बाहेर येते. रात्री पाणी सोडून द्यावे, गाळणी काढून घासावी, दार उघडे ठेवावे. दसऱ्याला पूजा करायची तर मशीनच्या अंगावर करावी. अनिरुद्धने हळदीकुंकवाची बोटे आतल्या जाळीला लावली, आणि पहिल्याच दिवशी तीस ग्लास गुलाबी निघाले.

आणि पाणी. हे मी शेवटी लिहिते, कारण सगळे त्याच्यावर आहे. आमच्या बोअरचे पाणी अख्खी गल्ली पिण्यासाठी भरून नेते. चवीला चांगले आहे. पोट बिघडत नाही, डाळ मात्र शिजायला वेळ लागतो. अशा पाण्यात चुन्याचे क्षार असतात. ते जिभेला कळत नाहीत, काचेला कळतात. गरम पाणी काचेवर वाळले की क्षार पांढरा थर होऊन बसतो. त्यासाठी मशीनला पाणी मऊ करणारी टाकी जोडावी लागते, तिच्यात दर काही दिवसांनी खडे मीठ घालावे लागते, आयोडीनचे बारीक मीठ नव्हे. ही टाकी नसेल तर मशीन कितीही भारी असो, ते ग्लास धूत नाही, चुना लावते. अनिरुद्धने टाकी घेतली नाही. गल्ली पिते ते पाणी मशीनला का चालणार नाही, असा त्याचा हिशेब.

७. आता जे झाले ते.

मशीनमध्ये ग्लास लावायचे काम चतुराबाईंकडेच राहिले. महिन्याभरात ग्लास धुरकट व्हायला लागले. गिऱ्हाइके विचारू लागली. मी त्या वेळी पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला ताराकडे होते. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, बार भरलेला असताना, अनिरुद्धने चतुराबाईंना मागून पुढे बोलावले. हे मला तिथे असलेल्या तिघांनी वेगवेगळे सांगितले आहे आणि तिघांचे जुळते. त्याने ग्लास ट्यूबलाइटपुढे धरला.

"हे बघा. मशीनला बदनाम करायला ही बाई आत सोडा घालून राहिली."

चतुराबाई म्हणाल्या, "न्हाई रं बाबा. म्या काहून घालीन? त्या पान्याला लिंबू लागतंय, म्या तुला पयल्या दिशीच सांगितलं."

"मशीनला लिंबू! ऐकलं का?" लोक हसले. मग तो म्हणाला, "पिशवी दाखव."

पिशवीत डबा होता, एसटीचा पास होता, आणि धुण्याच्या सोड्याचा एक पुडा होता. घरच्या गोधड्या धुवायला मोंढ्यातून घेतलेला. त्याने तो पुडा टेबलावर ठेवला, हळदीच्या व्यापाऱ्यांच्या ग्लासांच्या मध्ये. आणि ज्या बाईला तो वयाच्या चौदाव्या वर्षापासून मावशी म्हणत होता तिला म्हणाला, "ए, चल नीघ. उद्यापासून येऊ नको."

मी नाशिकहून परत आल्यावर त्याने मला हे सांगितले. आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मला ते पटले, कारण मला रसायनशास्त्र येते. क्षाराच्या पाण्यात धुण्याचा सोडा घातला तर पांढरा साका होतो, हे मी एकतीस वर्षे मुलांना दाखवले. म्हणजे माझ्या मुलाने आरोप केला आणि मी त्याला समीकरण पुरवले. चतुराबाईंना एक शब्द विचारला नाही. शिरड शहापूर इथून एसटीने तासाभराच्या आत आहे.

८. फेब्रुवारीत दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर बारमध्ये गेले, सवयीने एक ग्लास उजेडाकडे धरला, आणि मला धूर दिसला. चतुराबाई जाऊन दोन महिने झाले होते. सोडा घालणारी गेली, मग हा थर कोणाचा?

अनिरुद्ध म्हणाला, "ते तिनेच खराब केलेले जुने ग्लास आहेत, आई."

मी बाजारातून डझनभर कोरे ग्लास आणले आणि स्वतः मशीनमध्ये घातले. तिसऱ्या दिवशी तेही धुरकट. एका ग्लासावर व्हिनेगर चोळले, लख्ख निघाला. मग बोअरचे पाणी बाटलीत घेऊन महाविद्यालयात गेले. माझ्या जागेवर आता पुनम म्हणून हुशार मुलगी आहे. तिने ब्युरेट लावून दिली. मी माझ्या हाताने तपासणी केली, वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब थेंब मोजत. आकडा बघून पुनम म्हणाली, "बाप रे, मॅडम, हे पाणी आहे का खडू?"

त्याच रात्री गुंजन माझ्या खोलीत आली. हातात एक घडी घातलेला कागद होता.

"आई, हा मला गल्ल्याच्या खणात सापडला. मी दोन दिवस ठेवून घेतला होता. आता तुम्ही बघा."

मशीन बसवायला आलेल्या माणसाने भरून घेतलेला कागद. त्यावर लिहिले होते की इथल्या पाण्यासाठी मऊ पाण्याची टाकी आवश्यक आहे, ती न बसवल्यास काचेवर पांढरा थर येईल, आणि ग्राहकाने टाकी नाकारली आहे. खाली ग्राहकाची सही. अनिरुद्ध मा. सेनगावकर. तारीख दसऱ्याच्या आदल्या दिवशीची.

म्हणजे पिशवी उघडायला लावली तेव्हा त्याला ठाऊक होते. निदान त्याने वाचून सही केली होती. मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "मला कुठं आठवतंय? शंभर कागदांवर सह्या करतो मी." मी म्हटले, आता आठवले ना, आता जा आणि चतुराबाईंना सांग. तेव्हा त्याने जे उत्तर दिले ते इथे जसेच्या तसे लिहिते:

"एका ग्लास धुणाऱ्या बाईसाठी मी मोंढ्यात तोंड खाली घालू का?"

माझ्या विभागप्रमुखांनासुद्धा असे वाक्य सुचले नसते.

दुसऱ्या दिवशी मी टाकी बसवली. नवे ग्लास लावले, ते आठवड्यानंतरही लख्ख राहिले. मग एसटीने शिरड शहापूरला गेले. चतुराबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत, पण सुनेला पाणी आणायला सांगितले. मी सगळे सांगितले. पाण्याचे, थराचे, कागदाचे. माझे चुकले म्हणाले. कामावर या म्हणाले.

त्या म्हणाल्या, "तुमचं तुमी सांगितलं, बाई, बराबर हाय. पन तुमी कुठं मला चोर म्हनलं व्हतं? म्हननारा दुसरा हाय."

"मी त्याला समजावीन."

"समजावून काय करता? त्यानं चार मान्सात म्हनलं, चार मान्सात परत घ्यावं. मला बाकी काय बी नगं. म्या औंढ्याला एका लॉजवर काम इचारायला गेले. मालक म्हनतो, तू तीच का, सोडेवाली? इथं पोरं मला सोडेवाली आजी म्हनून राहिली. लेकरायला काय कळतंय, हासत्यात. पन म्या बावीस साल लोकायचे उष्टे ग्लास धुतले बाई, म्या कवा एका ग्लासात बोट न्हाई बुडवलं."

मी परत आले. अनिरुद्धला पाच वेळा सांगितले. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा चिडला, तिसऱ्यांदा म्हणाला की तिला हवे तर पगार वाढवून दे. चौथ्यांदा म्हणाला की मी वयामुळे हट्टी झाले आहे. पाचव्यांदा तो मोबाइल बघत राहिला. तेव्हा मी हरिचंद वकिलांना फोन केला.

९. हॉटेल पूर्णिमाची जागा, वरचा मजला, फर्निचर, ग्लासांचे मशीन आणि मऊ पाण्याची टाकी, हे सर्व मी माझी सून गुंजन अनिरुद्ध सेनगावकर हिला देते. तिच्या एकटीच्या नावावर. तिने तो कागद फाडून टाकला असता तर आज ही जागा तिच्या नवऱ्याची झाली असती, हे तिला माहीत होते, तरी तिने तो मला आणून दिला. नवऱ्याला घरात ठेवायचे की नाही हा तिचा प्रश्न आहे. गल्ल्यावर बसवू नये. टाकीतले मीठ तो भरील, दर सोमवारी, मोठ्या पोत्यातून, स्वतः उचलून.

१०. अनिरुद्धला मी टाकी बसवण्यापूर्वीचे एकशे चाळीस धुरकट ग्लास देते. ते मी धुतलेले नाहीत, खोक्यात भरून माडीवर ठेवले आहेत. व्हिनेगरने साफ होतात. करायचे असतील तर त्याने बसून करावेत, एकेक.

११. हे कलम मी आधी वेगळे लिहिले होते. त्यात अट होती की अनिरुद्धने बार भरलेला असताना चतुराबाईंची जाहीर माफी मागितली तर अर्धी जागा त्याची. हरिचंद वकिलांना ती अट फार आवडली. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी खोडली. अर्ध्या जागेसाठी तो माफी मागील. हात जोडील, डोळ्यांत पाणी आणील, फोटो काढून घेईल. मोंढा म्हणेल, बघा, किती मोठ्या मनाचा. आणि चतुराबाईंच्या पदरात काय, तर सेनगावकरांनी विकत घेतलेले एक वाक्य. तसली माफी मी त्यांना देणार नाही. अट रद्द. त्याला मागायची असेल तर फुकट मागावी, शिरड शहापूरला बस अजून जाते.

जे त्याने म्हणायचे ते मी म्हणते. हे मृत्युपत्र मी नोंदणी कार्यालयात नोंदवणार आहे आणि माझ्यामागे ते हॉटेल पूर्णिमाच्या हॉलमध्ये, शनिवारी रात्री साडेआठ वाजता, लोक बसलेले असताना हरिचंद वकिलांनी मोठ्याने वाचावे. त्या शनिवारी जे हसले होते त्यांना यायचा निरोप पाठवावा. निदान पुढील वाक्य सर्वांना ऐकू जाईल असे वाचावे:

चतुराबाई संतराम ढगे यांनी आमच्या मशीनमध्ये कधीही काहीही घातले नाही. ग्लासांवरचा थर आमच्या बोअरच्या पाण्याचा होता. त्याची लेखी सूचना अनिरुद्ध मार्तंड सेनगावकर याला मिळाली होती व तिच्यावर त्याने सही केली होती. तरी त्याने त्यांना लोकांपुढे खोटे पाडले, आणि मी, साधना मार्तंड सेनगावकर, त्यांना न विचारता ते खरे मानले.

१२. शेवटचे. खालच्या मजल्यावरचा रस्त्याकडचा गाळा मी चतुराबाईंना द्यायचे ठरवले होते. त्यांचा नातू तिथे काही दुकान काढू शकला असता. कलम लिहून झाले होते. साक्षीदार कोण, असे वकिलांनी विचारले. मी म्हटले, एक डॉक्टर आणि दुसऱ्या चतुराबाई.

वकील म्हणाले, "मॅडम, ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नका. अनिरुद्ध उद्या त्याच्यावरच बोट ठेवील. दोन्हीपैकी एक ठरवा."

मी ठरवले नाही. गेल्या गुरुवारी पुन्हा शिरड शहापूरला गेले आणि हे जसेच्या तसे चतुराबाईंपुढे ठेवले. गाळा केवढा, कुठे, भाडे काय येईल, सगळे सांगितले. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अन् ते दुसरं काय म्हनलात? साक्षीदार?"

"मी सही करीन ती तुम्ही समोर बसून बघायची. मग तुम्ही सही करायची."

"त्यानं काय व्हतंय?"

"उद्या अनिरुद्ध म्हणाला की हा कागद खोटा आहे, तर कोर्ट तुम्हाला बोलावील. न्यायाधीश विचारतील, बाईंनी तुमच्यासमोर सही केली का? तुम्ही सांगाल ते लिहून घेतील."

"माझं लिहून घेतील? सोडेवालीचं?"

"तुमचंच."

"अन् तो तवा तिथं असंल? समोर?"

"असेल. वकील लावून असेल."

सून आतून म्हणाली, "आत्याबाई, गाळा घ्या, काय येडेपना करता? पोराचं भलं व्हईल." चतुराबाईंनी तिला हाताने गप्प केले.

"गाळा नगं," त्या मला म्हणाल्या. "मला सही करू द्या. साक्षरतेच्या वर्गात शिकले व्हते, येते मला."

म्हणून तो गाळाही गुंजनकडे जाईल, आणि या मृत्युपत्राने चतुराबाईंना एक चमचाही मिळत नाही. हे मला खुपते आणि खुपत राहील. जागा देऊन मी मोकळी झाले असते, त्यांनी मला मोकळी होऊ दिले नाही. त्यांचा हक्कच होता.

हे सर्व मी वाचून, समजून, पानोपान सही करून पुरे केले. यातला एकही शब्द कोणी बदलू नये. हरिचंद वकिलांनी भाषा मवाळ करायला सुचवली होती. ती मी केलेली नाही.

हिंगोली
दिनांक ११ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार:
(सही) साधना मार्तंड सेनगावकर

साक्षीदार पहिले. श्रीमती सेनगावकर यांनी आमच्या दोघांसमोर, पूर्ण शुद्धीत सही केली, व आम्ही त्यांच्यासमोर केली:
(सही) डॉ. ओमप्रकाश रुद्रप्पा कळमकर, हिंगोली

साक्षीदार दुसऱ्या. वरीलप्रमाणेच. मजकूर संपूर्ण वाचून दाखवला, कलम ११ त्यांच्या सांगण्यावरून दोनदा वाचले. अंगठा चालेल असे सांगितले असता नकार दिला. सहीला वेळ लागला, सर्वजण थांबले:
(सही) चतुराबाई संतराम ढगे, शिरड शहापूर